पांढऱ्या पायांचा देव

त्या वर्षांत आमच्याकडे कापसाचे भाव पडायला चार कारणं होती: अमेरिका, सरकार, बोंडअळी आणि माझी आत्या. पहिल्या तिघांना घरी बोलावून, पोहे खाऊ घालून "जरा चालून दाखवा" म्हणायची सोय नव्हती. त्यामुळे सगळ्यांचा राग चौथीवर निघायचा.

आत्या म्हणजे बाबांची सगळ्यात धाकटी बहीण. यवतमाळात आमच्याच घरी राहायची आणि एका शाळेत गणित शिकवायची. पोरं तिला चळाचळा कापायची. तिचं लग्न बाभुळगावच्या एका घरात ठरलं होतं. साखरपुडा झाला, पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी जिनिंगच्या आवारात त्या लोकांची कापसाची गंजी पेटली. महिना एप्रिलचा. आमच्या एप्रिलमध्ये गंजी पेटायला बिडीचं थोटूकही लागत नाही, कुणी रागानं पाहिलं तरी पुरतं. पण नवरदेवाच्या आजीनं तिथल्या तिथे निकाल दिला: पोरगी पांढऱ्या पायाची आहे, पाऊल पडेल तिथं वाटोळं करील. लग्न मोडलं. मोडलं तर मोडलं, खड्ड्यात जा म्हणावं. पण तो शब्द बाभुळगावहून यवतमाळला बसच्या आधी पोचला.

मग काय, रानच मोकळं. कुणाच्या वावरात अळी पडली, की आत्या त्या रस्त्यानं गेली होती का, याची चौकशी. कुणाच्या गाडीचा कापूस भिजला, की बायका आमच्या फाटकाकडे पाहणार. टीव्हीवाले मुंबईहून, दिल्लीहून यायचे, कापसाच्या पऱ्हाटीत उभं राहून मोठमोठी कारणं सांगायचे. आमच्या गल्लीला त्यातलं एकही पटायचं नाही. गल्लीला आपलं कारण सापडलेलं होतं, आणि ते रोज सकाळी साडीची निरी सांभाळत शाळेत जात होतं.

आत्यानं यावर जे केलं ते फक्त तीच करू जाणे. तिनं पांढरे मोजे घालायला सुरुवात केली. शाळेच्या गणवेशाचे असतात तसले. साडीखाली, चपलेत, मे महिन्याच्या उन्हात. "लोकाईले पांढरे पाय पाह्यचे हायेत ना, पाहू दे मनभरून," म्हणायची. आम्ही खूप हसायचो. पुढे माझ्या लक्षात आलं, की ती मोजे घरीसुद्धा काढत नाही. मग मला हसू यायचं बंद झालं.

तिला लग्न करायचं होतं. यात लाजण्यासारखं काय आहे? तिला स्वतःचं घर, स्वतःचा चहाचा डबा, भांडायला हक्काचं माणूस हवं होतं. तसं ती स्वच्छ म्हणायची. पण पाहायला येणारे यायचे, पोहे हादडायचे, तिच्या मोज्यांकडे टकामका बघायचे आणि उठताना म्हणायचे, "बरं, कळवतो." कळवतो हा मराठीतला सगळ्यात खोटारडा शब्द आहे. आजतागायत आम्हाला कुणी काही कळवलेलं नाही.

मी तेव्हा बी.ए.ला होते, इंग्रजी घेऊन. रद्दीच्या दुकानात मला एक जाडजूड कादंबरी मिळाली. मुखपृष्ठ फाटलेलं, नाव गायब, लिहिणारी कोण तेही गायब. आत उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या देवांच्या गोष्टी होत्या, पण सगळ्या बायकांच्या बाजूनं सांगितलेल्या. मूळ गोष्टींत ज्या बाईला एक ओळ, तिला इथे शंभर पानं. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन ती वाचायचे आणि भलतीच खूश असायचे.

उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर मुंगवड्या घालायचा कार्यक्रम असे. ऊन चढायच्या आत धोतरावर वड्या टाकायच्या. आई, आत्या, मी आणि मोठीआई. मोठीआई म्हणजे माझी थोरली काकू, मुकुटबनकडच्या शेतीवाल्या कास्तकार घरातली. घरात पंखा कोणत्या वेगावर फिरेल हेसुद्धा ती ठरवायची. माझ्या वड्या पाहून ती म्हणाली, "यापरीस गोवऱ्या बऱ्या. तू हात धू, अन् त्या पुस्तकातलं सांग काही. तेवढंच मन रमन."

मी हात धुतले. "एक राक्षसीण असते," मी सुरू केलं.

"काहून राक्षसीण? काय केलं तिनं?"

"केलं काही नाही. डोंगरात राहते, शिकार करते, कोणाचं ऐकत नाही."

"मंग बाई म्हण ना सरळ. कोणाचं ऐकत नाही म्हणून राक्षसीण होते काय व?"

"तिच्या डोंगरावर बारा महिने बर्फ असते," मी पुढे रेटलं.

"बारा महिने?" आईनं पदरानं मान पुसली. गच्ची आत्ताच पायाखाली तापायला लागली होती. "अन् तरी चिडते? मले नेऊन सोडा म्हणा तिथं."

देवांची नावं अशी, की उच्चारताना जीभ दाताखाली यावी. म्हणून आम्ही त्यांचं बारसं केलं. थोरला देव एका डोळ्यानं आंधळा, तो झाला एकडोळ्या. दुसरा हातात हातोडी घेऊन फिरायचा, तो हातोडीवाला. तिसरा सगळ्यांत काड्या घालायचा, तो आगलाव्या. आगलाव्या आमच्या गल्लीत एक होताच, त्यामुळे त्याची ओळख पटायला वेळ लागला नाही. एका मोठ्या झाडाखाली तिघी बाया बसून माणसांच्या नशिबाचं सूत काततात, असंही मी सांगितलं. त्यावर मोठीआईनं विचारलं, "कापूस कुठचा?"

"ते दिलं नाही."

"आपल्याइकडचाच असन. भाव पाडून नेला असन मेल्याईनं. म्हणूनच नशिबं अशी निघून राह्यली."

गोष्ट अशी, की देव राक्षसिणीच्या बापाला मारतात. ती उठते, बापाची तलवार, ढाल, सगळं अंगावर चढवते आणि एकटीच देवांच्या वेशीवर जाऊन उभी राहते. देव टरकतात. तडजोड म्हणून सांगतात, की बाई, भरपाई म्हणून आमच्यातला एक नवरा घे.

"थांब," मोठीआई म्हणाली. "आपल्याइकडं भरपाईचा चेक देते, तर तो वटत नाही. तिथं नवरा देते? मंग तो तरी वटला का?"

"तेच सांगून राह्यली ना! अट अशी असते, की चेहरा पाह्यचा नाही. देव पडद्यामागं उभे राह्यते, खालून फक्त पाय दिसते. पाय पाहून नवरा निवडायचा."

आता सगळ्यांचे हात जरा हळू चालायला लागले. मला चेव आला. राक्षसिणीला देवांमधला सगळ्यात देखणा पाहिजे असतो. ती पायांच्या रांगेवरून फिरते, सगळ्यात स्वच्छ, गोऱ्यापान पायांपाशी थांबते आणि म्हणते, हाच. "पडदा वर होते, अन् पाह्यते तर काय!" मी हात वर करून म्हणाले. "देखणा बाजूलाच राह्यला. समोर एक दर्यावरचा म्हातारा, पांढऱ्या पायाचा!"

बोलून गेले, आणि माझं मलाच ऐकू आलं. हा शब्द आमच्या घरात उच्चारायची बंदी होती. बाबा तर "पांढरा" रंगसुद्धा जपून म्हणायचे. आईनं मान खाली घातली आणि एकाच वडीवर दुसरी, तिसरी वडी टाकत बसली. मोठीआईनं माझ्याकडे असं पाहिलं, की ती तलवार-ढाल मलाच हवी होती.

धोतराच्या त्या टोकाला आत्या बसली होती, मोजे घालून. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते. ती हसत होती. पिठाचे हात हवेत धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "म्हणजे पुरुषबी असते का व पांढऱ्या पायाचा?" ती म्हणाली. "अन् तोबी देव?"

त्या गोष्टीत राक्षसिणीची आणखी एक अट असते, की मला हसवून दाखवा. त्यासाठी आगलाव्या बकरीच्या दाढीला दोरी बांधतो आणि दोरीचं दुसरं टोक कुठे बांधतो ते मला त्या गच्चीवर सांगता येईना. मी "धोतराला" म्हणाले. आमच्याकडे तेवढ्या खटाटोपाची गरज पडली नाही. बकरीचं काम माझ्या जिभेनंच केलं होतं.

"मंग टिकलं का तिचं?" आत्यानं डोळे पुसत विचारलं.

"नाही. तिले डोंगर पायजे, त्याले दर्या. तिले त्याचे पक्षी झोपू देत नाही, त्याले तिचे लांडगे. शेवटी गेली ती आपल्या डोंगरावर निघून."

"पाय पांढरे असनच त्याचे," मोठीआई म्हणाली. "दिवसभर पाण्यात बसल्यावर कायचा चिखल लागते? अन् देवाधर्माच्या गोष्टी अशा असते काय! बह्याड लोकं. चाल, पीठ आंबून राह्यलं."

मुंगवड्या वाळून डब्यात गेल्या, त्याच आठवड्यात लोहाऱ्याचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका तेलगिरणीत सुपरवायझर होता. तो, त्याची आई आणि त्याचा मामा असे तिघं भर दुपारी येऊन बसले, आणि ते बसले रे बसले की वीज गेली. भारनियमन. मामा बाबांना म्हणाला, "शकुन काही बरा नाही." वीज रोज त्याच वेळेला जायची, पण ते कुणी बोललं नाही.

आम्ही बायका आत, स्वयंपाकघरात. मधल्या दाराला पडदा होता. तो पहिल्याच धुण्यात आटून गुडघ्यापर्यंत आला होता. पोहे परतता परतता आईचं खाली लक्ष गेलं आणि ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पाह्य व, तुह्या पुस्तकावानी."

खरंच. आम्ही चौघी जमिनीवर बसलो, आणि पडद्याखालून पायांची रांग दिसली. बाबांचे पाय ओळखीचे. लुगड्याआड दडलेले ते मुलाच्या आईचे. उरले दोन जोड. एक गोरा, नखं कापलेला, घोट्याला घोटा लावून ऐटीत ठेवलेला. दुसरा रुंद, सावळा, सारखी चुळबुळ करणारा. एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाला खाजवत होता.

"गोरा जोड नवरदेवाचा," आई म्हणाली.

"त्या दर्यावाल्याचं विसरली काय?" मोठीआईनं तिला गप्प केलं.

आत्या वाकून पाहत होती. "तो दुसरा असन तर बरं," एवढंच म्हणाली, आणि पोह्यांचा ट्रे घेऊन उठली. पाण्याचे पेले घेऊन मी मागे.

गोरे पाय मामाचे निघाले. नवरदेव दुसरा होता. चेहरा बरा होता, घामानं डबडबलेला. आत्यानं पोहे दिले, नाव सांगितलं, शाळा सांगितली. मामानं "गणित म्हणजे कोणतं, साधं का अवघड?" असं विचारलं, त्यालाही तिनं शांतपणे उत्तर दिलं. मग मुलाची आई पुढे सरकून बसली. बाभुळगावचा शब्द लोहाऱ्याला केव्हाच पोचलेला होता.

"पोरी," ती म्हणाली, "थे मोजे काढ बरं. अन् जराशी चालून दाखव."

बाबा बंद पंख्याकडे बघायला लागले. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. पाण्याचा एक पेला त्या बाईच्या डोक्यावर ओतावा असं मनात आलं, पण आई पडद्याआडून माझ्या वेणीकडेच बघत असणार, हे मला माहीत होतं.

आत्यानं हातातला रिकामा ट्रे ठेवला. खुर्ची ओढली, बसली. एक मोजा काढला, मग दुसरा. नीट घडी केली आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली. आणि आम्ही सगळ्यांनी तिचे पाय पाहिले.

ते खरंच पांढरे झाले होते. इतकी वर्षं मोज्यांत राहून घोट्याखालचा रंग पार उतरला होता. वर सावळी, खाली पांढरी, आणि मध्ये इलॅस्टिकची रेघ. मुलाच्या आईनं "माय व!" म्हणून तोंडावर पदर धरला. मामानं पोह्यांची बशी मोज्यांपासून लांब सरकवली.

"पाह्यले ना माहे?" आत्या म्हणाली. आवाज वर्गातला होता. "आता तुमच्या पोराचे पाहू द्या. इथून दारापर्यंत, अन् परत."

"आमच्यात पोराले चालवत नाही!" मुलाची आई ताडकन म्हणाली.

"आमच्यात चालवते!" पडद्याआडून आवाज आला. मोठीआईचा. "आमच्या मुकुटबनाकडची रीत हाये. लय जुनी. आधी नवरदेवाचे पाय पाह्यते, मंगच पुढची गोष्ट. देवाईपासून चालत आली."

बाबांचं तोंड उघडं पडलं. मुलाच्या आईनं त्यांना विचारलं, "काहो भाऊ, खरं हाये हे?" बाबा कचेरीत हेडक्लार्क, खोट्या रजेचा अर्जही कधी न दिलेले. त्यांनी एकदा बहिणीच्या पायांकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले, "म्हणजे, आहे तशी रीत. आमच्या वहिनींना ठाऊक असतं ते सगळं."

नवरदेव उठला. गर्मीनं तळव्यांनासुद्धा घाम फुटला होता. तो चालला तसे फरशीवर चपाक चपाक आवाज होऊन ठसे उमटत गेले. अख्खे. तळव्याला कमान म्हणून नावाला नाही. एखाद्या पोरीचे असे अवलक्षणी पाय असते तर तिला फाटकातूनच परत पाठवली असती. दारापाशी पोचून तो वळला आणि स्वतःच्या ठशांकडे बघत परत आला.

"सपाट हायेत," तो आत्याला म्हणाला. "शाळेत पोट्टे बदक म्हणत. अन् पायगुणाचं म्हणान, तर पहिल्या गिरणीत मी लागलो, ती बंद पडली. दुसरीत लागलो, तिथं संप झाला. आताची चालू हाये, पण मालक सकाळी मले पाहून देवाचं नाव घेते."

"गप रे, बह्याडा!" त्याची आई म्हणाली.

आत्या हसली. पुन्हा तसंच, खांदे हलवून. आणि तोही हसला. बाकी कुणी हसलं नाही. मामा उठला, सदरा झटकला आणि ठरलेलं वाक्य म्हणाला. "बरं. कळवतो."

"तुम्ही राहू द्या," आत्या म्हणाली. "आम्ही कळवतो."

ते गेले आणि घरात रामायण झालं. बाबा म्हणाले, आता लोहाऱ्यापर्यंत अब्रू गेली. आई रडली. मोठीआई उरलेले पोहे खात म्हणाली, की रीत म्हणजे रीत, त्याला आपलाही इलाज नाही. आत्या गच्चीवर जाऊन बसली होती, अनवाणी. मी गेले तर म्हणाली, "मी जास्त बोलली का व? तो माणूस बरा होता." आणि तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं पाहायला येणाऱ्यांपैकी तिला कुणी बरा वाटलेला मला आठवत नव्हता.

दिवस जात राहिले. आम्ही रोज त्यांच्या निरोपाची वाट पाहिली. नाहीच आला. आई म्हणाली, "पाह्य, बिनसलं." मोठीआईनं मुलाच्या आईचा उद्धार केला. कापसाची पेरणी झाली, पऱ्हाटी वीतभर वर आली, तरी निरोप नाही. आमच्या एवढ्या हुशार घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही, की कळवायचं आपण होतं. "कळवतो" हे आम्हाला फक्त ऐकून माहीत. ते म्हटल्यावर खरोखर कळवायचं असतं, हे आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं.

एका रविवारी फाटकाशी स्कूटर थांबली. नवरदेव. आत यायला तयार नाही. "मी पास का नापास, तेवढं सांगा," तो मला म्हणाला. "आई रोज विचारून राह्यली. म्हणते, त्याईनं काहून नाही कळवलं? पोरात काय खोट निघाली? जेवत नाही बरोबर."

आत्या आत घटक चाचणीचे पेपर तपासत होती. तशीच बाहेर आली, हातात लाल पेन. फाटकापर्यंत अनवाणी गेली, दगडागोट्यांतून. त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"पास," ती म्हणाली. "पण काठावर."

दिवाळीनंतर लग्न झालं. त्याही वर्षी कापसाचे भाव पडलेच. लोहाऱ्यातल्या एका बाईनं आत्याच्या सासूपाशी विषय काढला, की नवी सून आली अन् पाह्य बाप्पा कसं झालं. सासू फटकन म्हणाली, "सुनेचं नाव कायले घेते? माह्या पोराचे पाय पाह्य. दोन गिरण्या बुडवल्या त्यानं." हे आत्यानंच आम्हाला पुढच्या दिवाळीला आल्यावर सांगितलं. मोजे घरी ठेवून आली होती. पायांचा रंग उन्हानं परत आला होता, रेघ तेवढी अजून दिसत होती.

तोवर माझी कादंबरी वाचून संपली होती. गच्चीवर दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं, "आत्या, पाय पाहून केलेलं त्या राक्षसिणीचं लग्न तर मोडलं. तुले भेव नाही वाटलं?"

आत्यानं पाय लांब केले आणि अंगठे हलवून पाहिले.

"तिनं नुसते पाय पाह्यले व," ती म्हणाली. "मी चालवून पाह्यला."